विषय : समुद्रप्रवाह मंदावल्याबाबत

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी नेहमीप्रमाणे कोरा कागद घेतला, डाव्या कोपऱ्यात ‘प्रति’ असे लिहिले आणि थांबलो. लेखाला ‘प्रति’ नसते, हे त्या क्षणी प्रथम ध्यानात आले. वाचणारा कोण, त्याचा हुद्दा काय, त्याचे टेबल कितव्या मजल्यावर, यांपैकी काहीही ठाऊक नसताना लोक पानेच्या पाने लिहितात, हे मला आजवर माहीत नव्हते. मला ते काहीसे बेजबाबदारपणाचे वाटते. तरीही संपादकांचा आग्रह मोडवला नाही, म्हणून लिहीत आहे.

मी अर्ज लिहितो. सुरतेच्या लिंबायत भागात एका कचेरीच्या कुंपणालगत कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. कचेरीचे नाव देत नाही. उद्याही तिथेच बसायचे आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे, आणि नववीही सहामाहीपर्यंतचीच. त्यानंतर चार वर्षे लूमवर काढली, आणि मग कापडापेक्षा कागद बरा, असे ठरवून हे टेबल मांडले. मोठमोठ्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसांनी माझे अर्ज वाचून मान डोलावली आहे. काहींनी मान न डोलावता नुसती सही केली आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने ती गोष्ट अधिक मोलाची.

कचेरीचा कारभार गुजरातीत चालतो, म्हणून अर्ज गुजरातीत. कारखान्याच्या कंत्राटदाराला हिंदीत. गावी तलाठ्याकडे पाठवायचा असेल तर मराठीत. गिऱ्हाईक मात्र बहुधा खानदेशातले, त्यामुळे ते रडते अहिराणीत. एकेका दुःखाला माझ्या टेबलावर असे कपडे बदलावे लागतात. आता पुष्कळसे काम ऑनलाइन झाले आहे आणि शेजारी संगणकाचे चकचकीत दुकान आहे. पण त्या फॉर्मातही अखेरीस ‘कारण लिहा’ अशी एक चौकट येतेच, आणि त्या चौकटीपाशी पोहोचले की ते दुकान गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवते.

बाहेरच्या माणसाला वाटते, अर्ज म्हणजे विनवणी. तसे नाही. अर्ज म्हणजे टेबल शोधणे. टपाल घेणारा कारकून मजकूर वाचत नाही, तो फक्त ‘विषय’ ही ओळ वाचतो आणि तिच्यावरून कागद कोणत्या टेबलावर जाणार ते ठरवतो. विषय चुकला की माणूस बरोबर असूनही कागद भलत्याच गावाला जातो. हे मी गेली पंचवीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. ज्याने स्वतः ही चूक केली त्या माणसाची हकीकत पुढे येईल.

विषयाखालोखाल महत्त्व कारणाचे. माझ्याकडे कारणांची एक वही आहे. कोणत्या गिऱ्हाइकासाठी कोणते कारण कधी वापरले, याची तीत नोंद असते. तिचा खरा उपयोग गोडादऱ्याच्या रामदास नावाच्या लूम कारागिराच्या वेळी झाला. तो एके सकाळी आला आणि म्हणाला, “आप्पा, रजेचा अर्ज लिहा. आजी वारली.”

मी वही काढली. “रामदास, तुझी आजी पोळ्याला वारली.”

“ती वडिलांची आई.”

“आईची आई होळीला गेली. मी स्वतः दोन ओळी शोकाच्या घातल्या होत्या.”

रामदासने खाली बघून थोडा हिशेब केला. “मग आजोबांचं दुसरं लग्न झालं होतं असं धरा.”

“शेठ मानेल?”

“शेठचंच दुसरं झालंय. त्याला मानावंच लागेल.”

मी ताप लिहिला. मी खोटे लिहीत नाही, अशी बढाई मारणार नाही. पण एकाच दारात एकच खोटे दोनदा पाठवत नाही. असा धंदा करणाऱ्या माणसाला नव्या, कोऱ्या, कोणीही न वापरलेल्या कारणाची किती भूक असते, हे वाचकांनी समजून घ्यावे. कारण पुढे जे घडले ते त्या भुकेपायी घडले.

वाणी सर हे मराठी शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. पेन्शनच्या कागदासाठी ते माझ्याकडे येतात आणि माझ्या अर्जातल्या चुका दाखवणारे ते एकमेव गिऱ्हाईक आहेत. गेल्या फाल्गुनात ते असेच बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचता म्हणाले, “पाटील, समुद्रातला एक मोठा प्रवाह मंदावत चाललाय म्हणतात.”

“आपल्या हजिऱ्याच्या समुद्रातला?”

“नव्हे हो. अटलांटिक महासागरातला. गरम पाणी वरच्या अंगानं उत्तरेला जातं. तिथं ते गार होतं. गार आणि खारं पाणी जड असतं, म्हणून ते तळाशी बुडतं आणि खालून परत दक्षिणेला येतं. हे अखंड चालू.”

“म्हणजे लूमच्या मोटारीचा पट्टा,” मी म्हणालो. “वरून जातो, खालून येतो.”

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “पाटील, तीस वर्षं शिकवलं, पण हे उदाहरण मला सुचलं नाही.” हे त्यांचे शब्द आहेत, मी भर घातलेली नाही. ते पुढे म्हणाले, “आता हवा तापली आहे, उत्तरेतला बर्फ वितळतो आहे आणि त्याचं गोडं पाणी त्या समुद्रात पडतं आहे. खारेपणा कमी झाला की पाणी हलकं होतं. हलकं पाणी बुडायला कुरकुर करतं. मग तुमचा पट्टा...”

“ढिला पडतो.”

“आणि पट्टा ढिला पडला की काय होतं?”

“यंत्र बंद पडत नाही, सर. पण कापडात खोट येते. आणि ती नेमकी कुठे येईल, ते कारागिराला आधी सांगता येत नाही.”

“अगदी तेच! जगभरच्या पावसापाण्यात खोट येईल असं म्हणतात. आता आपल्याकडे काय होईल ते बघा...”

इतक्यात एक रिक्षावाला धावत आला. त्याची रिक्षा पोलिसांनी उचलून नेली होती. मी सरांना “दोन मिनिटं” म्हणालो. त्या दोन मिनिटांचा तास झाला आणि सर आपला कागद घेऊन निघून गेले. नववीप्रमाणे हा प्रवाहही मी सहामाहीपर्यंतच शिकलो. पण मला कारण मिळाले होते. मी वहीचे नवे पान काढले आणि वर लिहिले : समुद्रप्रवाह.

पहिला प्रयोग इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर असलेल्या भटूवर झाला. उन्हाने चार दिवस पडून राहिला होता. ‘ऊन लागले’ असे कारण देणारे वीस अर्ज त्या आठवड्यात सुपरवायझरने परत केले होते. मी लिहिले, “अटलांटिक महासागरातील मुख्य प्रवाह मंदावल्याने जागतिक हवामानात जो बिघाड उद्भवला आहे, त्याची बाधा होऊन अर्जदार सदर चार दिवस कामावर हजर राहू शकला नाही.”

भटूला वाचून दाखवले. तो घाबरला. “आप्पा, मी असं काही केलं नाही हो.”

“तू केलं नाहीस. तुला झालं.”

सुपरवायझरने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “ये कौन सी बीमारी है?” भटूने मी पढवल्याप्रमाणे उत्तर दिले, “साहब, समंदर की है.” चारही दिवस मंजूर झाले. पंधरा दिवसांत त्याच कारखान्यातले आणखी तिघे ‘समंदरवाली अर्जी’ मागत आले. मी त्यांना नकार दिला, कारण वहीचा नियम. पण त्या दिवसांत मी टेबलावर थोडा ताठ बसत असे, हे कबूल करतो.

अशा ताठलेल्या अवस्थेत माझ्याकडे इंदूबाई आल्या.

इंदूबाई साठीच्या. खाडीकाठच्या गल्लीत राहतात आणि घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवतात. त्यांचे यजमान नथूदादा एके काळी नावाजलेले जॉबर, म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारे कारागीर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारे गेले, तेव्हापासून ते खाटेवर आहेत. घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि मध्ये उभी लोखंडी शिडी. गल्लीचे गटार खाडीत उघडते. त्याच्या तोंडाला लोखंडी झडप होती : पाणी बाहेर जाताना उघडायची, खाडी चढली की मिटायची. ती गंजून अर्धी उघडी अडकली होती. त्यामुळे खाडी चढली की पाणी गटारातून उलटे गल्लीत आणि गल्लीतून इंदूबाईंच्या खोलीत. आदल्या पावसाळ्यात चार शेजाऱ्यांनी नथूदादांना खाटेसकट शिडीवरून वर चढवले. अर्ध्यावर खाट निसटली. शेवटच्या क्षणी कोणीतरी दोर धरला, म्हणून ते आज आहेत.

“आप्पा,” इंदूबाई म्हणाल्या, “झडप मोडेल शे. ती बसाडी द्या, येवढंच लिख. आते चैत शे. आखाजी ऊनी का मंग पाऊस काय दूर?”

“एवढ्याने भागत नाही, आक्का. झडप मोडली हे झालं. पण पाणी का वाढलं, ते सांगायला नको?”

“पानी का वाढनं ते पानीले इचार. मन्ह्या घरमा येस, येवढं माले माहीत शे.”

मी त्यांना बाकावर बसवले आणि अडीच पाने लिहिली. विषयाच्या ओळीत मी घातले, “अटलांटिक महासागरातील मुख्य प्रवाह मंदावल्याने लिंबायत येथील गल्लीत उद्भवणाऱ्या जलसंकटाबाबत.” ही ओळ तीन दम घेतल्याशिवाय वाचता येत नाही. झडपेचा उल्लेख दुसऱ्या पानावर, नवव्या परिच्छेदात आला. इतका देखणा अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नव्हता. वाचून दाखवला तेव्हा इंदूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मला वाटले, गहिवरल्या.

“हाऊ समुद्र कोठला?” त्यांनी विचारले.

“फार लांबचा.”

“मंग तो मन्ही गल्लीमा कसाले ई राहिना?”

मी पट्ट्याचे उदाहरण दिले. जॉबरची बायको, लगेच समजल्या. म्हणाल्या, “पट्टा ढिला पडना त ताणतस. कोनी ताणाले गया का नही?”

“तेच तर अर्जात...”

“मन्हा मानूस कधी पट्टाले अर्ज नही दे. पाना लिसन ताणाले जाये.”

हे म्हणून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सोडवत सही केली. त्या सहीतला विश्वास मला तेव्हा दिसायला हवा होता.

टपाल घेणारे जयंतीभाई माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी विषय वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “आ शुं छे? दरियो आपणा खातामां नथी आवतो.”

दर्या आपल्या खात्यात येत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. पण दर्याचे पाणी येते ना, असा मी वाद घातला. वादात मी जिंकलो. त्यांनी शिक्का मारला, इनवर्ड नंबर दिला आणि अर्ज पुढे सरकला. धंद्यात इतकी वर्षे काढूनही एक गोष्ट मी विसरलो होतो : टपालाच्या खिडकीशी वाद जिंकणे म्हणजे प्रकरण हरणे.

गटाराच्या टेबलाने अर्ज पाहिला आणि समुद्र आपला नव्हे म्हणून आपत्तीच्या टेबलाकडे धाडला. आपत्तीच्या टेबलाने आपत्ती अजून आलेली नाही, असे पाहून वरच्या कचेरीत पाठवला. वरच्या कचेरीने आणखी वर. चैत्र गेला, अक्षय्य तृतीयेची आखाजी गेली, वैशाख संपला. इंदूबाई दर मंगळवारी टेबलाशी यायच्या आणि विचारायच्या, “काय म्हनस समुद्र?” मी म्हणायचो, “वर गेलाय, आक्का.” अर्ज जितका वर जाई तितका मला आनंद होई. खालच्या खोलीतल्या माणसाच्या दृष्टीने वर जाणे म्हणजे काय, याचा विचार मी केला नाही.

ज्येष्ठ लागल्यावर वाणी सर एका राहिलेल्या झेरॉक्ससाठी आले. मी मोठ्या अभिमानाने अर्जाची स्थळप्रत त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी ती पूर्ण वाचली. मग चष्मा काढला आणि असे हसले की कडुलिंबावरचे कावळे उडाले.

“पाटील, त्या दिवशी तुम्ही मध्येच उठलात. पुढचं वाक्य ऐकलंत का?”

“नाही.”

“तो प्रवाह फार मंदावला तर तिकडे युरोपात थंडी वाढेल आणि आपला मोसमी पाऊस कमी होईल, असा अंदाज आहे. किती आणि कधी, याबद्दल शास्त्रज्ञांचेच वाद चालू आहेत. पण पुराच्या गुन्ह्यात तुम्ही ज्याला आरोपी केलंय, तो उलट पाऊस अडवणारा निघतोय!”

“म्हणजे आरोपी निर्दोष?”

“या गुन्ह्यात. दुसऱ्या गुन्ह्यात नाही.”

“मग सर, खाडी का चढते?”

“खाडी दोन्ही काठांनी अरुंद झाली. भरतीच्या वेळी वरून पाऊस आला तर पाणी जाणार कुठे? आणि तिसरं म्हणजे...” सरांनी आवाज खाली आणला. शाळेत नापास मुलाला ते बहुधा याच आवाजात बोलावून घेत असतील. “...झडप मोडली आहे.”

त्याच दुपारी मी नवा अर्ज लिहायला हवा होता. लिहिला नाही. नवा अर्ज द्यायचा म्हणजे जयंतीभाईंपुढे उभे राहून जुना चुकला हे सांगायचे. आठ दिवस मी टेबलावरच्या कागदांची नुसती मांडामांड करत राहिलो. मंगळवारी इंदूबाई आल्या तेव्हा पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो. या लेखातून काही गाळायची मुभा असती तर मी हेच आठ दिवस गाळले असते.

मग उत्तर आले. इंदूबाई लिफाफा घेऊन आल्या. वरून खाली उतरत उतरत अर्ज स्थळपाहणीपर्यंत पोहोचला होता, आणि कोणी एक तरुण साहेब गल्लीत येऊन फोटो काढून गेले होते. इंदूबाईंनी त्यांना हाताला धरून झडपेपाशी नेले होते. साहेबांनी झडप पाहिली, अर्ज उलटला आणि हळहळून सांगितले, “माजी, विषयमां झडप नथी.” माणूस वाईट नव्हता, विषय वाचणारा होता.

उत्तर गुजरातीत होते. त्याचे मराठी असे : “आपल्या अर्जाच्या अनुषंगाने स्थळपाहणी केली असता, सदर गल्लीत नमूद केलेला समुद्रप्रवाह आढळून आला नाही. सबब, आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

वाक्य निर्दोष होते. एक कारागीर म्हणून मी ते मनात पुन्हा एकदा वाचले.

“काय लिखेल शे?” इंदूबाईंनी विचारले.

“समुद्र गल्लीत सापडला नाही, असं लिहिलंय.”

“नही सापडना?”

“नाही.”

“बरं व्हयनं. सापडता त त्याले बी मन्ह्याच घरमा ठेवतात.” त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. लिफाफ्याची घडी घालत म्हणाल्या, “आप्पा, त्या खाटवर शेतस. मी एकली त्यास्ले उचली नही शकस. तू इतलं लिखं, पन हाई कोठे लिखं?”

मी स्थळप्रत चाळली. अडीच पाने, सोळा परिच्छेद. नथूदादा कोठेच नव्हते.

“आते मी सांगस ते लिख,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितले, मी लिहिले. पंचवीस वर्षांत प्रथमच मी स्वतःचा एकही शब्द घातला नाही. विषय : मोडकी झडप बसवण्याबाबत. मजकूर : “आमच्या गल्लीच्या गटाराची झडप मोडली आहे. खाडी चढली की पाणी घरात येते. माझे यजमान उठू शकत नाहीत. पावसाआधी झडप बसवावी.” एवढेच. कागदाचा इतका भाग कोरा राहिला की मला उघडे पडल्यासारखे वाटले.

खिडकीशी मी स्वतः गेलो. जयंतीभाईंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. “बस? दरियो क्यां गयो?”

“दरियो निर्दोष छूटी गयो,” मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि अर्ज स्वतः उठून गटाराच्या टेबलावर नेऊन ठेवला. पंचवीस वर्षांत त्यांना खुर्चीतून उठलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

पण पाऊस आमच्या इनवर्ड नंबरासाठी थांबला नाही. पाचव्या दिवशी दुपारी वरून धार लागली आणि त्याच वेळी खाडीला भरती आली. मी कडुलिंबाखाली टेबलावर प्लास्टिक ओढून बसलो होतो. खाडीकडून आलेल्या एका रिक्षावाल्याने सांगितले, “त्या गल्लीत घोट्याच्या वर झालंय.” मी टेबल तसेच सोडले.

पोहोचेपर्यंत पाणी गुडघ्याला होते. दिवसाचे लोक कारखान्यात. गल्लीत पुरुष म्हणून रात्रपाळी करून झोपलेले दोघे आणि मी. इंदूबाई शिडीच्या वरच्या टोकाला खाटेला बांधलेला दोर घेऊन उभ्या. नथूदादांच्या खाटेचे पाय पाण्यात बुडाले होते आणि ते छताकडे पाहत स्वस्थ पडले होते, जणू दुसऱ्याच कोणाची खाट बुडते आहे. दोघांनी डोक्याची बाजू धरून वर चढायला सुरुवात केली. पायाची बाजू, म्हणजे खालची, म्हणजे जड, माझ्या वाट्याला आली. ती माझीच होती.

तिसऱ्या पायरीवर माझा श्वास संपला. चौथ्या पायरीवर पाय उचलेना. अडीच पानांतले एकही वाक्य त्या वेळी टेकू द्यायला आले नाही. मी शिडीला कपाळ टेकून उभा राहिलो. वरून नथूदादांनी मान जराशी वळवली. त्यांचे अर्धे तोंड हलत नाही, पण दुसरे अर्धे पुरेसे आहे. ते म्हणाले, “आप्पा... तुन्हा प्रवाह... मंदावना रे.”

वरचे दोघे हसले. हसण्याने खाट हलली. मी हसू नये म्हणून दात आवळले आणि तरीही हसलो. इंदूबाई वरून कडाडल्या, “मेल्याहो, हसू नका! मानूस शे खाटवर!” आणि दोर असा आवळला की खाट, दादा आणि खाट धरलेला मी, सगळेच दोन पायऱ्या वर गेलो. कसे ते ठाऊक नाही, पण दादा वर पोहोचले. मी शिडीच्या माथ्यावर बसून खाली पाहिले. खोलीत पाणी फिरत होते आणि त्यावर टिकल्या तरंगत होत्या. ते पाणी चैत्रात अडवता आले असते. हे मला तेव्हा कोणीही म्हणाले नाही. इंदूबाईंनी चहा ठेवला.

त्यानंतर नवव्या दिवशी दोन माणसे वेल्डिंगचे यंत्र घेऊन आली आणि त्यांनी झडप बसवली. अर्ध्या सकाळचे काम.

भाद्रपदात खाडी पुन्हा चढली. सगळी गल्ली गटाराच्या तोंडाशी जमून झडपेकडे बघत होती. पाणी आले, झडपेला टेकले, झडप धप्पकन मिटली. पाण्याने थोडा वेळ धक्के मारून पाहिले आणि मग ते खाडीतच राहिले. नथूदादा खालच्या खोलीत, आपल्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन टेबलाशी आल्या. मी खात असताना म्हणाल्या, “आते त्या समुद्रन्हं लिख.”

मी घास खाली ठेवला. “आक्का, तो सुटला ना.”

“मन्ही झडपन्हा गुन्हामा सुटना. पन तूच सांगेल शे ना, सर म्हनतस पुढे तो पाऊस कमी करी? पानी जास्त व्हयनं ते आपलाच घरमा ऊनं. कमी व्हयनं ते बी आपलाच घरमा येई. पट्टा ढिला शे तर कोनी तरी ताणाले पाहिजे. लिख. पन चार ओळी.”

मी लिहिला. विषय एका दमात वाचता येतो. मजकूर चार ओळींचा : धूर वाढला, हवा तापली, बर्फ वितळला, पट्टा ढिला पडतो आहे; कृपया ताणावा. एवढे सरळ मी पूर्वी कधी लिहिले नव्हते. फक्त डावा कोपरा कोरा राहिला. मी वाणी सरांना विचारले, “सर, प्रति कोण?” सरांनी रस्त्याकडे पाहिले. रिक्षा धूर सोडत जात होत्या. पलीकडे गिरणीच्या चिमण्या होत्या, आणि माझी मोटरसायकल कडुलिंबाला टेकून उभी होती. “पाटील,” ते म्हणाले, “हा पुष्कळ जणांना पाठवावा लागेल. एक प्रत स्वतःच्या पत्त्यावर टाका.”

तो अर्ज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. जयंतीभाई म्हणतात, नाव भरून आण, मी नंबर देतो. कारणांच्या वहीतले समुद्रप्रवाहाचे पान मी खोडलेले नाही, पुढे लिहिले आहे, ‘खरे कारण, जपून वापरावे.’

संध्याकाळी टेबल आवरून मी मुद्दाम खाडीकाठच्या गल्लीतून घरी जातो. नथूदादांची खाट दाराशी असते. मला पाहिले की ते अर्ध्या तोंडाने विचारतात, “आप्पा, प्रवाह?”

“प्रलंबित आहे, दादा.”

ते एकदा झडपेकडे बघतात, एकदा माझ्या खिशातल्या पेनाकडे बघतात, आणि मग चांगला हात उचलून हवेत पाना फिरवल्याची खूण करतात.